चालू गाडी, बंद गाडी : विंचूर परिसरातून पोलीस वाहनांचा हिशेब

पोलीस ठाण्याला नव्या गाड्या मिळाल्या की हिरवा झेंडा दाखवतानाचा फोटो छापून येतो. त्यातल्या किती गाड्या रात्री दोन वाजता चालकासह निघायच्या तयारीत असतात, याची बातमी होत नाही. पोलीस वाहनांच्या व्यवस्थापनाचा खरा कस मात्र या दुसऱ्या आकड्यात लागतो.

निफाड तालुक्यातले विंचूर नाशिक–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर वसलेले आहे. लासलगावचा रस्ता इथेच फुटतो. गावात लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आहे, जवळच वाइन पार्क आहे. कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात आणि भाव कोसळले की शेतकरी रस्त्यावर उतरतात. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांदा निर्यातबंदी लागू केली, तेव्हा या भागातले लिलाव बंद पडले होते. अशा दिवशी गाडी बंदोबस्ताला अडकते, तरी अपघात आणि चोऱ्या काही थांबत नाहीत. गाव लासलगाव पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते. नाशिक ग्रामीण पोलिसांचे मुख्यालय आडगावला, म्हणजे पन्नासेक किलोमीटरवर. मोठ्या दुरुस्तीसाठी गाडी तिकडे गेली, की ती परत येईपर्यंत हद्दीत एक गाडी कमी.

जिल्ह्यातल्या गाड्यांचा कारभार पोलीस अधीक्षकांच्या हाताखालची मोटार परिवहन शाखा पाहते. पोलिसांच्या बोलण्यात ती ‘एमटी’. प्रत्येक गाडीचे लॉगबुक असते. तारीख, कामाचे कारण, निघतानाचे आणि परततानाचे किलोमीटर, भरलेले डिझेल आणि सही. सकाळी चालक ऑइल, रेडिएटरचे पाणी, बॅटरी, टायरमधली हवा, सायरन आणि वायरलेस तपासतो. ही दहा मिनिटांची तपासणी टळली, की महिन्याभराने गाडी गॅरेजला लागते.

लॉगबुकात एक मोठी उणीव राहते. बंदोबस्तावर गाडी तासन्‌तास एका जागी उभी असते, इंजिन मात्र अनेकदा सुरूच ठेवावे लागते. किलोमीटरचा काटा हलत नाही आणि झीज होत राहते. अमेरिकेत फोर्ड कंपनी इंजिन चालू ठेवून तासभर उभ्या राहिलेल्या गाडीची झीज सुमारे ३३ मैल, म्हणजे ५३ किलोमीटर धावल्याइतकी धरते. सर्व्हिसिंगची वेळ नुसत्या किलोमीटरवर ठरवली, तर सर्वाधिक बंदोबस्त करणारी गाडी सर्वांत उशिरा गॅरेजमध्ये पोहोचते.

राज्यात २०२१ पासून ११२ क्रमांकाची सेवा सुरू झाली. नवी मुंबईतल्या महापे आणि नागपूर इथल्या केंद्रांत कॉल घेतला जातो आणि जवळच्या गाडीतल्या स्क्रीनवर तो उमटतो. गाडी किती वेळात पोहोचली, तेही नोंदले जाते. त्यामुळे नादुरुस्त गाडी आता लपत नाही.

गाडीइतकाच चालक महत्त्वाचा. पोलीस शिपाई चालक या पदाची भरती स्वतंत्र होते आणि उमेदवाराला प्रत्यक्ष वाहन चालवून दाखवावे लागते. पदे रिक्त राहिली की नवी कोरी गाडीही उभीच राहते. वाहनाची निवडही तितकीच महत्त्वाची. प्रसंगाला साजेसे वाहन नसेल तर काय होते, हे १ मे २०१९ रोजी गडचिरोलीतल्या जांभुळखेड्याजवळ दिसले. खासगी वाहनातून निघालेले शीघ्र कृती पथकाचे १५ जवान आणि चालक भूसुरुंगाच्या स्फोटात मृत्युमुखी पडले.

केंद्राच्या जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही; कायदा-सुव्यवस्थेसाठीच्या चिलखती आणि तत्सम खास वाहनांना त्यातून सूट आहे. जुन्या गाड्या अशा एकदम बाद होतात, म्हणून बदलीचे वेळापत्रक आधीपासून आखावे लागते. नव्या गाड्यांसाठी जिल्हा नियोजन समितीचा निधी अनेक जिल्ह्यांत उपयोगी पडला आहे. पण दुरुस्ती, टायर आणि डिझेल यांचा खर्च पुढे दरवर्षी येतो आणि तिथेच हात आखडतो. नियोजन समितीने गाडी मंजूर करतानाच तिच्या देखभालीची तरतूद लिहून घ्यावी आणि एमटीने प्रत्येक गाडीचे बंद राहिलेले दिवस लॉगबुकात नोंदवावेत.