पूल आला, आवाज बदलला!

इटारसीकडून जबलपूरला येणारी गाडी नर्मदेवरील पुलावर चढली की डब्यात डुलक्या घेणारा प्रवासीही जागा होतो. नदी डोळ्यांना दिसण्याआधी कानांना कळते. चाकांखालचा भरीव आवाज एकाएकी पोकळ होतो, घुमू लागतो. कोणी खिडकीतून नाणे सोडतो, कोणी हात जोडून ‘नर्मदे हर’ म्हणतो. पूल मागे पडला की थोड्याच वेळात भेडाघाट स्थानक येते. संगमरवरी खडकांसाठी आणि धुवाँधार धबधब्यासाठी देशभर ओळखले जाणारे गाव ते हेच. मुंबईहून आलेला लोहमार्ग आणि अलाहाबादहून आलेला लोहमार्ग ७ मार्च १८७० रोजी जबलपूर येथे जोडले गेले व मुंबई-कोलकाता हा प्रवास सलग रेल्वेने शक्य झाला. त्या ऐतिहासिक मार्गाचाच हा तुकडा.

हा तुकडा घरबसल्या संगणकावर उभा करण्याचा छंद आता नवा राहिलेला नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा ‘ट्रेन सिम्युलेटर’ हा खेळ २००१ मध्ये बाजारात आला. त्यात सहा मार्ग होते. भारतातील एकही नव्हता. मात्र स्वतःचा मार्ग तयार करण्याची साधने त्यासोबत दिलेली होती आणि त्यामुळेच भारतीय रेल्वेप्रेमींना वाट सापडली. पुढे त्याच खेळाच्या फायली वापरू शकणारा ‘ओपन रेल्स’ हा मुक्त प्रणालीचा सिम्युलेटर आला. रूळ, सिग्नल, झाडे, फलाट ही सर्व मांडणी चिकाटीने जमते. खरी परीक्षा आवाजाची. चित्र थोडे उणे असले तरी डोळा सांभाळून घेतो. कान तसे करीत नाही.

सिम्युलेटरमधील आवाज दोन प्रकारचे असतात. काही अखंड चालू राहतात, तर काही विशिष्ट अट पूर्ण झाली की सुरू होतात. या अटीला ‘ट्रिगर’ म्हणतात. बँकेच्या ग्राहकाला ही कल्पना अपरिचित नाही. ठरावीक तारीख आली की आवर्ती ठेवीचा हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. तेथे तारीख हा ट्रिगर, येथे गाडीचे स्थान, वेग किंवा चालकाची कृती.

किंबहुना प्रत्यक्ष रेल्वेतही असे आवाज खूप आहेत. दाट धुक्यात सिग्नलच्या किमान २७० मीटर अलीकडे रुळावर दोन फटाके दहा मीटरच्या अंतराने बसवितात. इंजिनाचे चाक त्यांवरून गेले की ते फुटतात आणि सिग्नल जवळ आल्याचे चालकाला समजते. गाडी स्वतःच स्वतःसाठी आवाज वाजविते! मुंबईच्या लोकलमध्ये पुढील स्थानकाचे नाव सांगणारी उद्घोषणा उपग्रहाद्वारे कळलेल्या स्थानावरून सुरू होते. इंजिनात बसविलेले दक्षता उपकरण तर चालकाच्या निष्क्रियतेवरच जागे होते. साठ सेकंदांत त्याने कोणतीही हालचाल केली नाही तर आधी दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो आणि तरीही प्रतिसाद न मिळाल्यास ब्रेक लागतात. रेल्वेच्या चालकांना प्रशिक्षण देणाऱ्या सिम्युलेटरमध्ये असे ध्वनी योग्य क्षणी उमटणे का महत्त्वाचे, हे यावरून ध्यानात येईल. तेथे उशिरा वाजलेला बझर चुकीची सवय लावील.

आता भेडाघाटजवळच्या पुलाचेच उदाहरण घेऊ. पुलाचा आवाज सुरू करण्यासाठी त्याच्या दोन्ही टोकांना रुळावर एकेक अदृश्य खूण ठेवावी लागते. पहिली खूण ‘येथून पूल’ असे सांगते, दुसरी ‘येथून पुन्हा साधा रूळ’. परंतु इटारसीकडील टोक हे येणाऱ्या गाडीसाठी आरंभ असले तरी जबलपूरहून जाणाऱ्या गाडीसाठी तो शेवट आहे. म्हणून प्रत्येक टोकाला दिशेनुसार दोन खुणा लागतात. नवशिक्याची पहिली ठेच बहुधा इथेच लागते. एका दिशेची गाडी सुरेख वाजते आणि परतीची गाडी मात्र जबलपूरपर्यंत पुलावरूनच चालली आहे असे वाटते.

दुसरी अडचण गाडीच्या लांबीची. चोवीस डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने इंजिन पुलावरून उतरल्यावर शेवटचा डबा उतरेपर्यंत अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ जातो. ट्रिगर केवळ इंजिनाला जोडला, तर इंजिन उतरताच संपूर्ण गाडीचा घुमणारा आवाज बंद पडतो आणि मागच्या डब्यात बसून ऐकणाऱ्याचा भ्रम तुटतो. प्रत्येक डब्याला स्वतःची ध्वनी-फाइल देणे हाच त्यावरील उपाय. काम वाढते, पण त्याला पर्याय नाही.

वेगावर अवलंबून असलेले आवाज अधिक चतुराई मागतात. जुन्या पद्धतीचे १३ मीटर लांबीचे रूळ धरले, तर ताशी ३० किलोमीटर वेगाला सांध्याचा ठोका साधारण दीड सेकंदाने पडतो, ६० ला पाऊण सेकंदाने, १०० ला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळाने. ही लय वेगानुसार बदलली पाहिजे. एकच ध्वनिफीत भरभर फिरविली तर स्वर चिरका होतो. त्याऐवजी वेगवेगळ्या वेगांच्या तीन-चार फिती घेऊन एक मंद करीत दुसरी चढवावी. फितीचे उगमस्थान आणि शेवट नीट जुळले नाहीत तर दर फेरीला एक बारीक ‘टक्’ ऐकू येते आणि एकदा ऐकू आली की मग तीच ऐकू येत राहते.

आणखी एक खुबी आहे. ‘वेग २० च्या वर गेला की सुरू, २० च्या खाली आला की बंद’ अशी अट घातली आणि गाडी नेमकी विसाच्या आसपास रेंगाळली, तर आवाज चालू-बंद होत तोतरा होतो. म्हणून सुरू होण्याची सीमा २० आणि बंद होण्याची १८ अशी वेगळी ठेवतात. दूरवरून येणारे आवाज, म्हणजे फाटकाची घंटा, मंदिरातील आरती, फलाटावरील फेरीवाला, हे एकाच वाहिनीवर मुद्रित असावेत. दोन वाहिन्यांचा ध्वनी संगणकाला अवकाशात एका जागी नीट ठेवता येत नाही. तो दोन्ही कानांत सारखाच घुमतो.

इंजिनाचा आवाज हा तर स्वतंत्र विषय. या मार्गावर वर्षानुवर्षे धावलेल्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाचे सोळा सिलिंडर उभ्या गाडीत मिनिटाला सुमारे ४०० फेऱ्यांनी धडधडत आणि आठव्या खाचेवर १००० फेऱ्यांपर्यंत पोहोचत. चालकाने खाच बदलली की आवाज तत्काळ चढत नसे. तो दम घेऊन चढे. हा विलंब ज्याने साधला, त्याचे इंजिन जिवंत वाटते.

येथे सचोटीचा एक प्रश्न उभा राहतो. धुवाँधारचा गडगडाट कोठे ठेवावा? मार्ग तयार करणाऱ्याला स्वाभाविकच मोह होतो, की भेडाघाट स्थानक आले रे आले, धबधबा गर्जू द्यावा. ऐकणारा खूष होतो. परंतु धबधबा स्थानकापासून काही किलोमीटर दूर आहे. फलाटावर उभ्या गाडीत त्याची गर्जना घुमणे खरे नव्हे. शिवाय धुवाँधारचा एकच एक आवाज नाही. हिवाळ्यात तो स्पष्ट कोसळतो, तर भर पावसाळ्यात नदीची पातळी इतकी चढते की धबधबा पाण्यातच लोपतो. वरच्या बाजूला असलेल्या बरगी धरणातून किती पाणी सोडले आहे, यावरही त्याचे रूप ठरते. ज्याला तो ऐकवायचाच आहे त्याने ध्वनीचे स्थान नदीवरच ठेवावे, अंतराबरोबर तो विरत जाईल अशी वक्ररेषा द्यावी आणि ऋतूनुसार फिती बदलाव्यात. स्थानकात पक्षी, पंख्यांची घरघर आणि चहाची हाळी पुरेशी आहे. जे ऐकू येत नाही ते न वाजविणे, हेही ध्वनिसंयोजनच होय.

या छंदाला आज वेगळे मोल आले आहे, कारण मूळ आवाजच नाहीसे होत आहेत. इटारसी-जबलपूर मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि डिझेलची ती धडधड विरळ झाली. रूळ जोडून सलग केल्यामुळे सांध्यांचा ठोका आता मुख्यतः सांधे बदलणाऱ्या जागीच राहिला आहे. जबलपूरहून नैनपूरकडे जाणारी सातपुड्यातील अडीच फुटी रेल्वे २०१५ मध्ये बंद झाली. तिची शीळ पुन्हा मुद्रित करता येणार नाही. कोणी हौशी प्रवाशाने डब्याच्या खिडकीत छोटे यंत्र धरून टिपलेली दहा मिनिटे हाच पुष्कळदा उरलेला पुरावा असतो. अशा फितींवर तारीख, इंजिनाचा वर्ग, डबा आणि वेग यांची नोंद अवश्य करावी. नोंद नसलेली फीत काही वर्षांनी निरुपयोगी होते. मुद्रण मात्र डब्यात बसून किंवा फलाटावरूनच करावे. रुळांवर विनापरवाना जाणे हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे, आणि जिवाशी खेळही.

सर्व जुळविल्यावर चाचणी घ्यावी ती निदान चार वेळा : दोन्ही दिशांनी, एकदा मंद आणि एकदा वेगात. एकदा गाडी मुद्दाम पुलाच्या मधोमध थांबवून पाहावी. चाके थांबली तरी पूल घुमतच राहिला, तर वेगाची अट घालायची राहून गेली आहे असे समजावे. आणि अखेरची फेरी पडदा बंद करून, केवळ ऐकत करावी. नर्मदा कधी आली हे न पाहता सांगता आले, की खुणा योग्य जागी बसल्या.