विमानाच्या संमिश्र फलकांतील आर्द्रतेचे शोधन

विमानाचे सुकाणू, पंखांच्या झडपा इ. भाग हलके पण ताठ असावे लागतात. म्हणून कार्बन वा काच तंतू आणि एपॉक्सी रेझीन यांच्या दोन पातळ थरांमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गाभा चिकटवून त्यांचे फलक तयार करतात. गाभा ॲल्युमिनियमाच्या पत्र्याचा किंवा ॲरामिड कागदाचा असतो. कडेच्या सांध्यांतून अथवा आघाताने पडलेल्या सूक्ष्म तड्यांतून त्यात पाणी शिरते. उंचावर ते गोठते, त्याचे घनफळ सु. ९% वाढते व जमिनीवर ते पुन्हा वितळते. या चक्रामुळे आसंजकाची पकड ढिली होते, ॲल्युमिनियम गंजतेही. खरा धोका पुष्कळदा दुरुस्तीच्या वेळी उद्‌भवतो. ठिगळ पक्के करण्यासाठी फलक १८०° से. पर्यंत तापविल्यास कोंडलेल्या वाफेचा दाब सु. १० वातावरणे होतो आणि वरचा थर गाभ्यापासून उचकटला जातो. म्हणून आधी पाणी शोधून फलक वाळविणे अगत्याचे असते.

नाण्याने ठोकून पाहण्याच्या जुन्या रीतीने सुटलेला थर कळतो, पाणी मात्र सहसा कळत नाही. विद्युत् आर्द्रतामापक काचतंतूंच्या फलकांवर चालतो. कार्बन तंतू विद्युत् संवाहक असल्याने तेथे तो निरुपयोगी ठरतो. क्ष-किरण चित्रात पाणी भरलेले कोश गडद वा फिकट उठून दिसतात, परंतु साचलेले रेझीनही तसेच दिसते. अशा वेळी फलक कलता करून दुसरे चित्र घेतात : पाण्याची पातळी बदलते, रेझीनची बदलत नाही.

सोयीची पद्धत अवरक्त प्रतिमांकनाची आहे. विमान उतरल्यावर कोरडा फलक लवकर तापतो. बर्फ असलेला भाग मात्र वितळण्यास लागणाऱ्या सुप्त उष्णतेमुळे बराच काळ थंड राहतो व प्रतिमेत डागासारखा दिसतो. निरीक्षण उतरल्यानंतर थोड्याच वेळात करावे लागते, एवढीच तिची अडचण.

सर्वांत संवेदनशील पद्धत न्यूट्रॉन चित्रणाची होय. मंद न्यूट्रॉन ॲल्युमिनियमातून सहज पार जातात, पण पाण्यातील हायड्रोजन त्यांचे जोरदार प्रकीर्णन करतो. यासाठी अमेरिकेच्या हवाई दलाने सॅक्रॅमेंटोजवळील मॅक्लेलन तळावर अणुभट्टी उभारली; ती १९९० मध्ये कार्यान्वित झाली. कॅनडात किंग्स्टन येथील रॉयल मिलिटरी कॉलेजातील लहान अणुभट्टीवर सीएफ-१८ विमानांची सुकाणू तपासण्यात आली. मात्र त्यासाठी भाग विमानापासून सोडवून अणुभट्टीपर्यंत न्यावा लागतो.

रेझीनमध्ये विरघळलेली आर्द्रता द्रवरूप नसल्याने यांपैकी बहुतेक पद्धतींना ती सापडत नाही. तिच्यासाठी सोबत ठेवलेल्या नमुना तुकड्याच्या वजनातील वाढ मोजतात.