श्रद्धेचे स्वातंत्र्य आणि गिऱ्हाइकाचा हक्क

मुंबईहून नाशिककडे जाणारा महामार्ग खर्डी मागे टाकून कसाऱ्याच्या घाटाकडे चढू लागला की शहापूर तालुक्यातील उंबरमाळीचा टापू लागतो. तेथे रस्त्याकाठच्या हॉटेलात क्षणभर विसावून चहा मागणाऱ्या वाटसरूला त्याची जात, त्याचे दैवत किंवा त्याचा पंथ विचारून मग कप पुढे करावयाचा की नाही हे ठरविण्याची मुभा हॉटेलच्या मालकास नाही. ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते की, ती मुभा काढून घेण्यासाठी याच मुलखात केवढे कज्जे लढावे लागले याचे आपणांस विस्मरण झाले आहे.

श्रद्धेच्या कारणावरून दुकानदाराने गिऱ्हाइकाला नाकारावे काय, या प्रश्नावर अमेरिकेत गेली काही वर्षे तीव्र वाद माजला आहे. धर्मश्रद्धेवर सरकारने निष्कारण भार टाकू नये या हेतूने १९९३ मध्ये तेथील मध्यवर्ती सरकारने एक कायदा केला, आणि त्याच धर्तीवर अनेक घटकराज्यांनी आपापले कायदे केले. परंतु अशा कायद्याचा आधार घेऊन दुकानदार समलिंगी गिऱ्हाइकांना परत पाठवू लागतील, या भीतीने २०१४ मध्ये ॲरिझोनाच्या राज्यपालांनी एक विधेयक नामंजूर केले, आणि २०१५ मध्ये इंडियाना राज्याला आपला नवा कायदा अल्पावधीतच दुरुस्त करावा लागला. कोलोराडोतील एका केकवाल्याने एका समलिंगी जोडप्याच्या विवाहाचा केक करण्यास नकार दिला होता. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१८ मध्ये निकाल केकवाल्याच्या बाजूने लागला. मात्र राज्याच्या आयोगाने त्याच्या श्रद्धेविषयी आकस दाखविला, एवढ्याच मर्यादित कारणावर तो दिला गेला. दुकानदाराला नकाराचा हक्क आहे की नाही, हा मूळ प्रश्न त्या निकालात तसाच राहिला.

सदसद्विवेकबुद्धीला साक्षी ठेवून काम नाकारणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने १८९० च्या सुमारास मुंबईतील नाभिक बांधवांनी विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असा निर्धार केला. परंपरेने धर्मकृत्य ठरविलेले ते काम त्यांनी नाकारले, आणि त्या नकाराबद्दल आजही आदरच वाटतो. परंतु याच महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अस्पृश्य मानलेल्यांची हजामत करण्यास नकार मिळत असे, कारण तसे केल्यास गाव आपल्याला वाळीत टाकील, हे भय वस्तरा धरणाऱ्या हाताच्या मागे उभे असे. हे दोन्ही नकार वरकरणी सारखे भासले तरी त्यांच्यात मूलतः भेद आहे. पहिल्यात ते विशिष्ट कृत्यच कोणासाठीही करावयाचे नाही असा निश्चय होता. दुसऱ्यात, जे काम शेजाऱ्यासाठी रोज बिनतक्रार केले जाते, तेच एका विशिष्ट मनुष्यासाठी मात्र करावयाचे नाही असा दंडक होता. माझ्या मते या साऱ्या वादाचा निवाडा याच एका कसोटीवर व्हावा. इतरांच्या लग्नाचा केक जो करतो, त्याने तोच केक एका जोडप्याला नाकारला तर तो मनुष्याचा नकार होय; मात्र आपल्या श्रद्धेच्या विरुद्ध असलेला मजकूर त्याने केकवर कोणासाठीही लिहिला नाही, तर त्याला दोष देता येणार नाही.

सार्वजनिक सोयींचा प्रश्न आपल्याकडे कायद्याच्या चौकटीत आला तो ४ ऑगस्ट १९२३ रोजी. सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा सांभाळलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही स्थळे अस्पृश्यांना खुली असावीत, असा रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव त्या दिवशी मुंबई विधिमंडळाने संमत केला. महाडच्या नगरपालिकेने तो मान्य केला. पण २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्रत्यक्ष प्राशन केले, तेव्हा तेथून परतणाऱ्यांवर हल्ले झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि डिसेंबरात दिवाणी दावा दाखल होऊन न्यायालयाचा मनाई हुकूमही निघाला. तळे स्पृश्यांच्या वहिवाटीचे आहे आणि अस्पृश्यांनी ते न वापरण्याची प्रथा अनादि आहे, असे वादींचे म्हणणे होते. महाडच्या न्यायालयातून अपील ठाण्याच्या न्यायालयात आले आणि तेथून उच्च न्यायालयात गेले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी वादींचे अपील फेटाळले. तळे नगरपालिकेचे आहे आणि वादी सांगतात ती अनादि प्रथा शाबीत झालेली नाही, हा त्या निकालाचा गाभा. याचा अर्थ असा की, ती प्रथा पुराव्याने शाबीत झाली असती, तर निकाल उलटही लागू शकला असता. मनुष्याचा पाण्यावरील हक्क तोवर साक्षीपुराव्याच्या बळाबळावर अवलंबून होता.

ही दुर्बलता संविधानाने दूर केली. अनुच्छेद १३ नुसार मूलभूत हक्कांशी विसंगत रूढी शून्यवत ठरते. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, घाट यांवर धर्म-जात-लिंगादी कारणांवरून होणारा मज्जाव थेट नागरिकांवरही बंधनकारक अशा शब्दांत रद्द केला. आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. संविधान सभेतील २९ नोव्हेंबर १९४८ च्या चर्चेत दुकानाचा अर्थ व्यापक आहे, मोबदला घेऊन लोकांना सेवा देणारा प्रत्येक जण त्यात येतो, अशा आशयाचा खुलासा डॉ. आंबेडकरांनी केला. धर्मस्वातंत्र्याचा अनुच्छेद २५ मुळातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीती, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या इतर तरतुदींच्या अधीन आहे. म्हणजे श्रद्धेचे नाव पुढे करून गिऱ्हाइकाला दारातून परत पाठविण्याचा मार्ग आपल्या घटनाकारांनी आरंभीच बंद केला. १९५५ च्या कायद्याने, ज्याचे १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नामांतर झाले, अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकण्यास वा सेवा देण्यास नकार देणे हा फौजदारी गुन्हा ठरविला. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणानेच झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने शाबीत करावयाचे असते.

कज्जा गुंतागुंतीचा होतो तो नकार देणारा एखादा दुकानदार नसून सबंध समाज किंवा पंथ असतो तेव्हा. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला. परंतु दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत विरुद्ध असतानाही, तो बहुमताने घटनाबाह्य ठरविला. २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा विषय नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविला. दरम्यान कोकणात वाळीत टाकण्याचे प्रकार थांबेनात, म्हणून महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला. तो जुलै २०१७ मध्ये अंमलात आला, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांतून राहणारे कातकरी, ठाकूर, महादेव कोळी हे अनुसूचित जमातींचे लोक असल्यामुळे १९५५ च्या कायद्यातील वरील गृहीतक त्यांना लागू पडत नाही. त्यांच्यासाठी दुकान, दवाखाना वा सार्वजनिक स्थळी होणारा अटकाव, तसेच सामाजिक व आर्थिक बहिष्कार, हे २०१५ च्या दुरुस्तीनंतर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हे ठरले आहेत. गावात ही माहिती नसते, हे आपल्या शासनव्यवहाराचे मोठे वैगुण्य आहे, आणि तहसील कचेरीने ती पाड्यापाड्यांत पोहोचविणे अगत्याचे आहे.

एक दार मात्र अद्याप बंदच आहे. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात राहत्या घराचा उल्लेख नाही, आणि २००५ मध्ये एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व विशिष्ट समाजापुरते राखण्याची मुभा मान्य केली. त्यामुळे मुंबई-ठाण्यात धर्म, जात किंवा आहार विचारून घर नाकारले गेलेल्या मनुष्याला स्पष्ट असा कायद्याचा आधार सापडत नाही. बोले यांचा ठराव ज्या विधिमंडळाने शंभर वर्षांपूर्वी संमत केला, त्याचा वारसा सांगणाऱ्या आजच्या विधानसभेने भाड्याने वा विक्रीस काढलेले घरही या संरक्षणाखाली आणावे, अशी आग्रहाची विनंती आहे.