धनी मेला, पाहुणा जिवंत!

कंधारची लाल कंधारी किंवा लातूरकडची देवणी गाय तुम्ही पाहिली असेल. अशी एखादी गाय किंवा शेळी रानात मेली, तर तिच्यावर जगणाऱ्या परोपजीवींचे पुढे काय होते?

शेळीचे अंग थंड पडू लागले की पिसवा बिऱ्हाड हलवतात. उवांना तेवढे चापल्य नसते. बहुतेक तिथेच मरतात. आतड्यातले जंतही फार तग धरत नाहीत. ऊब गेली, अन्न संपले, भोवती सारे सडू लागले!

एक महाशय मात्र निश्चिंत असतात. त्यांचे नाव एकायनोकॉकस. हा पट्टकृमी कुत्र्याच्या लहान आतड्यात वाढतो. लांबी जेमतेम ३ ते ६ मिलिमीटर. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात आणि चरताना गाई-शेळ्यांच्या पोटात जातात. मग यकृतात किंवा फुफ्फुसात पाण्याने भरलेली जाड पापुद्र्याची गाठ तयार होते. पुष्कळ गाठींत भावी कृमींची सूक्ष्म डोकी असतात. जनावर जिवंत असेतो ती तिथेच कोंडलेली. ते मरावे आणि कुत्र्याने त्याचे काळीज खावे, तरच त्यांची सुटका!

पण कुत्रा येईपर्यंत टिकायचे कसे? इथे हवामान निर्णय करते. सुमारे १० अंश सेल्सिअस थंडीत गाठीतली डोकी आठवडाभर, कधी त्याहून अधिक काळ जिवंत राहतात. ५० अंशांना मात्र काही तासांतच मरतात. मे महिन्यात नांदेड-लातूरला पारा ४० अंशांपुढे जातो आणि सडणेही वेगाने होते. म्हणून उघड्या उन्हातल्या जनावरापेक्षा हिवाळ्यात सावलीत पडलेले जनावर अधिक धोक्याचे.

पूर्वी गिधाडांचा थवा काही तासांत हाडे उघडी करी. त्यांच्या पोटात हा कृमी वाढत नाही. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडे मेली. २००६ मध्ये भारतात या औषधाचा पशुवैद्यकीय वापर बंद झाला, पण तोवर थवे विरळ झाले होते. आता मेजवानी कुत्र्यांची!

कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी हातांवाटे किंवा न धुतलेल्या भाजीवाटे माणसाच्या पोटात गेली, तर त्याच्याही यकृतात तशीच गाठ वाढते. ती वर्षानुवर्षे कळत नाही. पुष्कळदा शस्त्रक्रियाच करावी लागते.

म्हणून मेलेले जनावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरतात आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर काटे रचतात. तुमच्या मोत्याला कलेजी आवडत असेल तर खुशाल द्या, पण चांगली उकडून.