सोन्याचा टंच आणि कृष्णविवराचा ठाव

चिकपेटमध्ये लग्नाची खरेदी म्हटली की आधी रेशमी साड्या, मग सोने. आईची जुनी बांगडी मोडायला दिली की सराफ ती एका छोट्या मशीनमध्ये ठेवतो. थोड्याच वेळात स्क्रीनवर आकडे येतात : सोने इतके टक्के, तांबे इतके, चांदी इतकी. बांगडी घासावी लागत नाही, वितळवावीही लागत नाही. आपल्या विटा, आटपाडीकडची गलाईवाली मराठी कुटुंबे देशभरच्या सराफ बाजारांत पसरलेली आहेत. टंच काढणे किती जोखमीचे काम आहे, ते त्यांना विचारा!

हे मशीन बांगडीवर क्ष-किरण सोडते. ते पडले की धातूचे अणू स्वतःचे क्ष-किरण बाहेर टाकतात. सोन्याच्या किरणांची ऊर्जा वेगळी, तांब्याची वेगळी. जणू प्रत्येक धातूची सहीच. गंमत म्हणजे हीच सही वाचून शास्त्रज्ञ कृष्णविवराचाही अंदाज घेतात.

न दिसणारे कसे पाहायचे?

कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही. पण ते शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढू लागले, की तो वायू थेट आत पडत नाही. मोरीच्या तोंडाशी पाणी गरगरते तसा तो भोवती फिरतो आणि त्याची तबकडी तयार होते. आतल्या कडेला हा वायू सुमारे 1 कोटी अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण फेकतो.

हे किरण आपल्या वातावरणात शोषले जातात. सजीवांसाठी ते चांगलेच आहे, पण अभ्यासासाठी दुर्बीण हवेच्या वर न्यावी लागते. त्यासाठी इस्रोने 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोटाहून अॅस्ट्रोसॅट सोडला. 1,515 किलोचा हा उपग्रह सुमारे 650 किलोमीटर उंचीवरून फिरतो. त्यावरच्या क्ष-किरण उपकरणांमागे मुंबईची टीआयएफआर आहे आणि पुण्याच्या आयुकाचाही त्यात वाटा आहे. त्याचे नियंत्रण मात्र बंगळुरूतून, पीन्या भागातल्या इस्ट्रॅक केंद्रातून होते. चिकपेट आणि पीन्या ही दोन्ही स्टेशने मेट्रोच्या एकाच हिरव्या मार्गावर आहेत!

लोखंडाची सही

जीआरएस 1915+105 हे कृष्णविवर आपल्यापासून सुमारे 28 हजार प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचे वस्तुमान सूर्याच्या साधारण 12 पट आहे. अशा कृष्णविवराच्या तबकडीत लोखंडाचे अणू असतात. त्यांची सही ठरलेल्या ऊर्जेवर, बारीक रेषेसारखी दिसायला हवी. पण प्रचंड वेग आणि गुरुत्वाकर्षण यांमुळे ती ओल्या शाईसारखी पसरते. जितकी जास्त पसरेल, तितकी तबकडी विवराच्या जवळ. आणि विवर स्वतःभोवती जितक्या वेगाने फिरते, तितकी तबकडी जवळ टिकू शकते. म्हणजे पसरलेल्या रेषेवरून विवराचा फिरण्याचा वेग कळतो. जीआरएस 1915+105 तर कमाल मर्यादेच्या जवळपास वेगाने फिरते.

अॅस्ट्रोसॅटच्या नोंदींत आणखी एक गोष्ट सापडली. या विवराचे क्ष-किरण आळीपाळीने मंद आणि प्रखर होतात, आणि प्रखर असताना सेकंदाला सुमारे 70 वेळा लुकलुकतात. मंद होताच ही लुकलुक थांबते. विवराजवळचा तप्त वायूचा ढग आकुंचन-प्रसरण पावतो, त्याच्याशी याचा संबंध असल्याचे गुवाहाटी आयआयटी, बंगळुरूचे यू. आर. राव उपग्रह केंद्र आणि इस्रायलचे हैफा विद्यापीठ यांच्या संशोधकांनी दाखवले.

तुमच्या घरातल्या मुलांसाठी

अॅस्ट्रोसॅट 5 वर्षांसाठी बनवला होता. सप्टेंबर 2025 मध्ये त्याने 10 वर्षे पूर्ण केली. 1 जानेवारी 2024 रोजी एक्सपोसॅटही त्याच्या सोबतीला गेला. त्यावरचे पोलिक्स हे उपकरण बंगळुरूच्याच रामन संशोधन संस्थेचे आहे. पण उपग्रह कधीतरी थकणारच. साठवलेल्या नोंदी मात्र राहतील. अॅस्ट्रोसॅटच्या नोंदी ठरावीक काळानंतर सर्वांसाठी खुल्या होतात. तुमची मुलगी फिजिक्स शिकत असेल आणि ‘यात पुढे काय?’ असा प्रश्न घरात विचारला जात असेल, तर तिला हे नक्की सांगा. त्या नोंदींतल्या कितीतरी सह्या अजून कोणी वाचलेल्या नाहीत.