कॉलेजची फी: व्याजाशिवाय कशी साठवाल?

बारावीचा निकाल लागला की फीसाठी धावाधाव सुरू होते. व्याज टाळायचं असेल तर घरातल्या बायकांची जुनी भिशी कामाला येते. बारा घरांनी दरमहा २,००० रुपये टाकले, की प्रत्येक घराला वर्षातून एकदा २४,००० एकरकमी मिळतात. ज्यांच्या मुलामुलींचं अ‍ॅडमिशन आहे, त्यांचा नंबर जून-जुलैत लावा. बोलीची भिशी मात्र नको. तिथे गरजू माणूस कमी रक्कम उचलतो आणि पूर्ण भरतो, म्हणजे व्याजासारखंच झालं.

हप्ते वहीत लिहा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आहे. मुलांची ईदीही त्यांच्याच फीसाठी जपा. तुमची बचत निसाबाला पोहोचून चांद्रवर्ष उलटलं, तर अडीच टक्के जकात धरूनच हिशेब करा.