जुन्या घराच्या भिंतींची डागडुजी



उसाच्या पानावर घराच्या भिंतींचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण शिवारफेरीत आम्ही पाहतो, दरवर्षी सिमेंटचा गिलावा करायचा आणि दरवर्षी तो पडायचा, यात सभासदांचा पैसा वाया जातो.

नागपूर भागातील बरीच जुनी घरे काळ्या जमिनीवर आहेत. ही जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसते. शेतात भेगा पडतात त्या आपण पाहतोच. तीच हालचाल पायाखाली झाली की भिंत तडकते. म्हणून नुसते वरून लिंपून भागत नाही.

1) भेग ओळखा. केसासारखी भेग गिलाव्यापुरती असते. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग पायाची असते. तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिहा. पट्टी फाटली तर हालचाल चालू आहे असे समजा. अशा वेळी आधी पाण्याचा बंदोबस्त करावा. घराभोवती मुरूम टाकून उतार बाहेर काढा. वळचणीचे व न्हाणीचे पाणी जोत्याजवळ मुरू देऊ नका.

2) जसे अंग तसे औषध. मातीच्या भिंतीला मातीच लावावी, चुन्याच्या भिंतीला चुना. सिमेंटच्या कवचाआड ओल कोंडते आणि पोपडे सुटतात. नुसती काळी माती वाळल्यावर तडकते. तिच्यात रेती व गव्हाचा भुसा मिसळून आठवडाभर भिजत ठेवा. आधी भिंतीवर हातभर जागेत लावून पाहा. तडकली तर रेती वाढवा. भेग खरवडून, झाडून, पाणी शिंपडून मगच भरावी. पूर्वी चुन्यात गुळाचे व बेलफळाचे पाणी घालीत, हे जाणत्या गवंड्यांना ठाऊक आहे. सेवाग्रामची 1936 सालची कुटी मातीचीच आहे. वेळच्या वेळी लिंपण केले की माती टिकते.

3) लोणा. भिंतीवर पांढरे क्षार फुटले तर कोरड्या ब्रशने झाडून काढा, पाण्याने धुऊ नका. क्षार पुन्हा आत जातात. ओल थांबून भिंत वाळल्याशिवाय चुना मारू नये. खताची पोती भिंतीला टेकवून ठेवणे हेही लोण्याचे एक कारण आहे. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत.

4) कुड आणि वाळवी. तुराटी-पऱ्हाटीच्या कुडात वाळवी लवकर शिरते. पाचटाचा ढीग घराला लागून ठेवणे म्हणजे तिला आवतणच! मातीच्या नळ्या दिसताच मोडा, कुजलेल्या काड्या बदला, मग लिंपा. शेतातील कीटकनाशक घरात मात्र वापरू नका.

5) धोक्याची भिंत. ओळंबा धरून पाहा. भिंत पोटाला फुगली किंवा कलली असेल तर गिलाव्याने ती सावरत नाही. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत नव्हे, हे 1993 च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंतींनी दाखवून दिले. अशा भिंतीलगत कोणाला झोपू देऊ नका, जनावरेही हलवा आणि जाणत्या माणसाला दाखवा. ओल्या भिंतीतून विजेची तार गेली असेल तर मेन स्विच बंद करून तारेवाल्याला बोलवा.

ही कामे वैशाखात करावीत. मृगाचा पाऊस सुरू झाला की लिंपण वाळत नाही. पैसा थोडा असेल तर आधी पाणी वळवा, गिलावा नंतर करा. शेतात निचरा नसेल तर नुसत्या खताने ऊस सुधारत नाही, तसेच घराचेही आहे.